तुटलेल्या हाताचें मोल

उजवा हात कोपरापाशीं किंवा कोपराच्या वर तुटला, तर शेंकडा ७०. डावा हात त्याच ठिकाणीं तुटला, तर शेंकडा ६०. उजवा हात कोपराच्या खालीं गेला तर ६०, डावा गेला तर ५०. पाय गुडघ्यापाशीं किंवा त्याच्या वर गेला तर ६०, गुडघ्याखालीं गेला तर ५०. एक डोळा, ३०. हाताचा अंगठा, २५. एका पायाचीं सगळीं बोटें, २०. तर्जनी, १०. हाताचें दुसरें कोणतेंहि एक बोट, ५.

श्रोतेहो, ही यादी ऐकून आपल्या अंगावर कांटा आला असेल तर त्यांत नवल नाहीं. माझ्याहि अंगावर आला होता. परंतु ही कोणा क्रूर सुलतानानें लिहविलेली शिक्षांची यादी नव्हे. १९२३ सालीं हिंदुस्थानांत कामगारांच्या नुकसानभरपाईचा जो कायदा झाला, त्याची ही पहिली अनुसूची. आणि गोरगरिबांच्या बाजूनें या देशांत जे कायदे झाले, त्यांत या कायद्याची गणना करावीच लागते.

हिशेब असा होता. मनुष्य कायमचा व संपूर्ण अपंग झाला तर त्यास ४२ महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती मिळावयाची. आणि एखादाच अवयव गेला तर त्या रकमेचा वर सांगितला तितका हिस्सा. दरमहा २० रुपये मिळविणारा कामगार घ्या. त्याचें संपूर्ण अपंगत्व ८४० रुपयांचें. उजवा हात कोपरावरून गेला तर ५८८ रुपये, डावा गेला तर ५०४. अंगठ्याचे २१०, तर्जनीचे ८४, करंगळीचे ४२. मीं आयुष्यभर मुलांना त्रैराशिकाचीं उदाहरणें घातलीं. आंबे, वारभर कापड आणि विहीर खणणारे मजूर यांच्या पलीकडे मी कधीं गेलों नाहीं. त्रैराशिकाचा हाहि एक उपयोग आहे, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. ज्या प्रसंगानें कळलें तो पुढें सांगेन.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहें, वकील नव्हे. कायद्याचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु इतिहास शिकवितां शिकवितां एक प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला. हाताचा असा भाव ठरवून द्या, असें मागितलें कोणीं? मुंबईच्या कामगारांनीं मागितलें होतें तें निराळेंच होतें. तें काय होतें, आणि त्याऐवजीं काय मिळालें, एवढाच आजचा विषय आहे.

अवयवांचे दर ठरविण्याची कल्पना मात्र नवी नाहीं. इंग्लंडांतील केंट प्रांतांत इसवी सन ६०० च्या सुमारास एथेलबर्ट नांवाचा राजा होता. त्याच्या कायद्यांत पाऊल तोडणारानें ५० शिलिंग द्यावे, डोळा फोडणारानेंहि ५० द्यावे, हाताच्या अंगठ्याबद्दल २० आणि पायाच्या अंगठ्याबद्दल १०, असें कोष्टकच आहे. अनामिकेचे ६ शिलिंग, पण करंगळीचे ११! १९२३ सालच्या आमच्या कायदेपंडितांनीं करंगळीस एवढा मान दिला नाहीं. तथापि दोन्ही याद्यांत एक मोठें अंतर आहे. एथेलबर्टची यादी भांडणतंट्यांत झालेल्या दुखापतींची. ज्यानें हात तोडला त्यानें पैसे द्यावे, इतका तो सरळ व्यवहार. यंत्रानें हात तोडला तर पैसे कोणीं द्यावे, हा प्रश्न त्या काळीं उद्भवलाच नव्हता.

आपल्याकडील धर्मशास्त्रांत 'समुत्थानव्यय' असा एक सुंदर शब्द आहे. समुत्थान म्हणजे पुन्हां उठून उभें राहणें. ज्यानें दुसऱ्यास जखमी केलें त्यानें तो जखमी मनुष्य बरा होऊन उठेपर्यंतचा खर्च द्यावा, असें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. त्याच अध्यायांत गाडीच्या अपघाताचाहि विचार आहे. सारथ्याच्या अकौशल्यामुळें गाडी वाट सोडून गेली व हानि झाली तर धन्यास दोनशें पण दंड. सारथी कुशल असेल तर मात्र दंड सारथ्यासच. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, अथवा 'बाजूस सर' म्हणून ओरडूनहि कोणी सरला नाहीं, तर दंड नाहीं. हा दंड राजाच्या खजिन्यांत जाणार, जखमी माणसाच्या हातीं नव्हे, हें खरें. तरी अडाणी माणसास कामावर ठेवणाऱ्या धन्यानें त्याचें फळ भोगावें, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. मात्र याच अध्यायांत शूद्रानें वरच्या वर्णाच्या माणसावर हात उगारला तर त्याचा हात तोडावा, असेंहि लिहिलेलें आहे. जुन्या ग्रंथांचा अभिमान बाळगणारानें दोन्ही पानें वाचावींत.

धन्याच्या जबाबदारीचा हा धागा हातीं धरून आपणांस आतां इंग्लंडांत जावें लागेल. कारण पुढें मुंबईच्या गिरण्यांत जें चाललें तें इंग्रज न्यायाधीशांच्या विचारांवर चाललें.

१८३७ सालीं तेथील एका खाटकाच्या नोकर पोरानें आपल्या धन्यावर फिर्याद केली. धन्यानें गाडी वाजवीपेक्षां जास्त भरली, ती मोडली, आणि पोराच्या मांडीचें हाड मोडलें. ज्यूरीनें त्यास १०० पौंड देवविले. परंतु वरच्या न्यायालयांत लॉर्ड ॲबिंजर यांनीं तो निकाल फिरविला. त्यांचें म्हणणें असें कीं, नोकराच्या अशा इजेबद्दल धन्यास जबाबदार धरलें तर त्याला अंतच राहणार नाहीं. उद्यां मोलकरणीनें ओलसर अंथरूण घातलें म्हणून आजारी पडलेला नोकरहि धन्याकडे पैसे मागावयास येईल. गाडी जड झाली आहे हें त्या पोरासहि दिसत होतें. त्यानें तींत बसावयाचें नव्हतें. धन्यास 'मी बसत नाहीं' असें सांगणारा खाटकाचा पोर लॉर्डसाहेबांनीं कोठें पाहिला होता, कोण जाणे!

पांच वर्षांनीं, १८४२ सालीं, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत असाच खटला गाजला. एका रेल्वेचा इंजिन चालविणारा. रोज दोन डॉलर मिळविणारा कसबी मनुष्य. सांधेवाल्यानें सांधा चुकीच्या बाजूस ठेवला, इंजिन रुळांवरून घसरलें, आणि या बिचाऱ्याचा उजवा हात चाकाखालीं चिरडला. चूक त्याची नव्हती, हें सर्वांस मान्य होतें. तरी मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनीं त्यास कांहीं दिलें नाहीं. का? तर कामांतला धोका गृहीत धरूनच त्यास चांगला पगार मिळत होता. आणि सांधेवाला व तो एकाच धन्याचे नोकर, तेव्हां एका नोकराच्या चुकीबद्दल दुसऱ्या नोकरानें धन्यास जाब विचारूं नये. त्याच गाडींतील उतारूचा हात गेला असता तर रेल्वे कंपनीस पैसे मोजावे लागले असते. एकच अपघात, एकच हात. पण तिकीट काढणाराचा हात आणि पगार घेणाराचा हात यांत न्यायानें असा भेद केला.

अशा रीतीनें धन्यांच्या हातीं तीन ढाली आल्या. सोबत्याची चूक असेल तर धनी मोकळा. कामगारास धोका ठाऊक असेल तर धनी मोकळा. कामगाराची स्वतःची थोडी जरी चूक असेल तरी धनी मोकळा. या तिहींतून निसटणारा अपघात विरळाच.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ सालीं ती गिरणी सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराडीं उभीं राहिलीं. ज्यांनीं त्या काळची वाफेची गिरणी पाहिली नाहीं, त्यांनीं एवढें डोळ्यांसमोर आणावें: एक मोठें इंजिन, त्याच्या जोरानें छताखालून फिरणारा लांबच लांब दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक सांचापर्यंत उतरणारे कातडी पट्टे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ते फिरत. यंत्र थांबविणें एकट्या कामगाराच्या हातीं नसे. धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही एकदां पट्ट्यांत सांपडली कीं माणूस ओढला जाई. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं पूर्वी फिरणारी वस्तु पाहिलेली असे ती रहाट किंवा गाडीचें चाक.

१८५५ सालच्या तेराव्या कायद्यानें अशी सोय केली होती कीं, दुसऱ्याच्या अपराधानें मनुष्य मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागतां यावी. म्हणजे मेलेल्याच्या मागें कायदा होता. हात तुटून जो जिवंत राहिला त्याला दिवाणी कोर्ट मोकळें होतें. तेथें स्टँप लावावा, वकील द्यावा, धन्याची चूक सिद्ध करावी, आणि वर सांगितलेल्या तिन्ही ढाली फोडाव्या! १८८१ सालीं पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यानें शंभरांहून कमी माणसांच्या कारखान्यांना हात लावला नाहीं. मोठ्या कारखान्यांत धोक्याच्या यंत्राभोंवतीं कुंपण घालावें आणि अपघाताची वर्दी द्यावी, असें त्यांत होतें. तुटलेल्या हाताबद्दल त्यांत अक्षर नव्हतें.

येथें नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव घ्यावयास हवें. आपल्या पाठ्यपुस्तकांनीं या गृहस्थास फार थोडी जागा दिली आहे. १८४८ चा जन्म. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कांहीं काळ एका गिरणींत स्टोअरकीपर. आणि १८८० पासून मुंबईंत 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणी आंतून पाहिलेला आणि लेखणी हातीं असलेला असा मनुष्य त्या वेळीं दुसरा क्वचितच असेल. १८८४ सालीं मुंबई सरकारनें फॅक्टरी कायद्याच्या चौकशीसाठीं आयोग नेमला. त्या सप्टेंबरांत लोखंड्यांनीं परळास कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचें एक निवेदन तयार केलें. सह्या म्हणजे बहुतेक अंगठेच असावेत.

निवेदनांत मागण्या पांच होत्या. रविवारीं सुट्टी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. आणि पांचवी मागणी अशी कीं, काम करतांना मोठी दुखापत झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि जन्माचा लुळापांगळा झाला तर त्याच्या चरितार्थाची योग्य व्यवस्था व्हावी.

या पांचव्या मागणीकडे मी आपलें लक्ष मुद्दाम वेधतों. तींत हाताचा भाव विचारलेला नाहीं. चूक कोणाची हेंहि विचारलेलें नाहीं. जोंवर दुखणें आहे तोंवर पगार, आणि जन्माचें अपंगत्व आलें तर चरितार्थ, इतकेंच त्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या माणसांनीं मागितलें. एथेलबर्टच्या यादीपेक्षां त्यांचा विचार 'समुत्थान' शब्दाच्या जवळचा होता, आणि तोहि एक पाऊल पुढें. कारण जो पुन्हां पहिल्यासारखा उठणारच नाहीं, त्याची काळजी त्यांत होती.

योगायोग असा कीं, त्याच १८८४ सालच्या जुलैंत जर्मनींत बिस्मार्कच्या पुढाकारानें अपघातविम्याचा कायदा झाला. कारखानदारांनीं मंडळें करून वर्गणी भरावी. कामगार पूर्ण अपंग झाला तर त्यास वेतनाचा दोनतृतीयांश भाग पेन्शन म्हणून मिळावा. चूक कोणाची याचा खल करूं नये. बिस्मार्कला कामगारांचें प्रेम होतें असें नव्हे. समाजवाद्यांच्या हातून त्यांना काढावयाचें होतें. पण बर्लिनच्या दरबारांत जें सुचलें तें परळच्या मैदानांतहि सुचलें होतें, आणि तेंहि दोनच महिन्यांच्या अंतरानें. फरक एवढाच कीं, बिस्मार्कच्या हातीं राज्य होतें.

लोखंड्यांच्या मागण्यांचें पुढें काय झालें? १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुट्टी व दुपारची विश्रांति पक्की केली. पांचवी मागणी तशीच पडून राहिली. १८९७ सालीं मुंबईंत प्लेगचा कहर झाला, त्यांत लोकांची शुश्रूषा करतांना लोखंडे स्वतः त्या रोगानें गेले. त्याच वर्षीं इंग्लंडांत जोसेफ चेंबरलेन यांच्या खटपटीनें कामगार-भरपाईचा कायदा झाला. धंद्यांत माणसें जायबंदी होणारच, तेव्हां जसा कोळशाचा व तेलाचा खर्च मालाच्या किमतींत धरतात तसा हाहि धरावा, हें त्यामागचें तत्त्व. हिंदुस्थानांत तें तत्त्व यावयास आणखी सव्वीस वर्षें लागलीं.

तोंपर्यंत महायुद्ध होऊन गेलें होतें, मुंबईंत मोठमोठे संप झाले होते, १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस निघाली होती, आणि १९२१ पासून नारायण मल्हार जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळांत कामगारांची बाजू मांडीत होते. १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला.

या कायद्याचे गुण आधीं सांगावयास हवेत. कामामुळें व काम करीत असतांना अपघात झाला, एवढें दाखविलें कीं पुरे. धन्याची चूक दाखविण्याची गरज नाहीं. कामगार दारूच्या धुंदींत असेल, त्यानें जाणूनबुजून हुकूम मोडला असेल, किंवा यंत्राचें संरक्षक झांकण मुद्दाम काढलें असेल, तरच धनी सुटावयाचा. साध्या गाफिलपणामुळें हक्क जात नव्हता. दिवाणी कोर्टाऐवजीं कमिशनर. मिळणाऱ्या रकमेवर सावकाराची जप्ती नाहीं. ठेकेदाराच्या माणसाबद्दल मूळ धनीहि जबाबदार. परंतु लगेच उणीवाहि दिसतात. शेतावरचा मजूर त्यांतून वगळला होता. दावा करण्याची मुदत सहा महिने. ती पुढें वाढत वाढत १९६२ सालीं दोन वर्षें झाली. बरें होईपर्यंत पूर्ण पगार, ही लोखंड्यांची मागणी. कायद्यानें दर पंधरवड्यास दिला तो मासिक पगाराचा चौथा हिस्सा किंवा १५ रुपये, यांतील कमी असेल तें, म्हणजे फार तर निम्मा पगार, आणि तोहि पहिले दहा दिवस सोडून.

या कायद्याचें सतरावें कलम मला पाठ आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगारानें केला तरी तो रद्दबातल समजावा, असें तें सांगे. तें पाठ होण्याचें कारण सांगतों.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी नुकताच नोकरीस लागलों होतों. माझ्या वर्गांतील एक मुलगी महिनाभर शाळेंत आली नाहीं, म्हणून मी तिच्या घरीं गेलों. तिचे वडील एका लहानशा कारखान्यांत प्रेसवर पत्र्याचीं झांकणें कापीत असत. त्यांच्या उजव्या हाताचीं तीन बोटें प्रेसखालीं गेलीं होतीं. मालकानें दवाखान्याचें बिल भरलें, वर कांहीं रुपये दिले, आणि एका कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. 'यापुढें माझी कांहीं मागणी नाहीं' असा तो कागद. त्या गृहस्थांना वाटलें, आतां सगळें संपलें. मलाहि तसेंच वाटलें. दीड वर्ष उलटून गेल्यावर आमच्या ओळखीच्या एका वृद्ध वकिलांनीं सहज बोलतां बोलतां तें सतरावें कलम सांगितलें, आणि दोन वर्षांची मुदत संपण्याच्या आंत अर्ज करावयास बजाविलें. अर्ज मीं लिहिला. मालकानें उत्तर दिलें कीं, हा माणूस माझा कामगारच नव्हता. हजेरीपटावर नांव नव्हतें ही गोष्ट खरीच होती. परंतु दवाखान्याच्या केसपेपरावर जखमीस आणणाराच्या जागीं कारखान्याचें नांव लिहिलें गेलें होतें, त्यानें काम भागलें. निकाल लागावयास तीन वर्षें गेलीं. तीन बोटांबद्दल अनुसूचींत शेंकडा ३० होते; तेवढे मिळाले. तें त्रैराशिक मीं त्यांच्या घरीं, त्यांच्या मुलीच्या पाटीवर करून दाखविलें होतें.

आतां पुन्हां इतिहासाकडे वळूं. एकरकमी पैशाचा दोष अनुभवास येऊं लागला होता. हातीं आलेले पांचशें रुपये देणेकऱ्यांत वांटले जात आणि तुटलेला हात जन्मभर राही. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले आयोगावर ना. म. जोशी सभासद होते; त्याच्या शिफारशींनंतर १९३३ सालीं कायद्यांत सुधारणा झाल्या. १९३८ च्या कायद्यानें सोबत्याच्या चुकीची जुनी ढाल बऱ्याच अंशीं काढून घेतली. खुद्द इंग्लंडांत ती ढाल १९४८ सालीं मोडली. म्हणजे खाटकाच्या त्या पोराच्या खटल्याची छाया एकशें अकरा वर्षें पुरली. त्याच १९४८ सालीं आपल्याकडे राज्य विमा कायदा झाला, त्याची सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें झाली आणि १९५४ सालीं ती योजना मुंबईंत आली. अपंगत्वाबद्दल एकदम रक्कम न देतां जन्मभर ठराविक वेळीं पैसे द्यावे, हें त्यांत आलें. परळच्या पांचव्या मागणीला सत्तर वर्षांनीं हें उत्तर मिळालें. मात्र विम्याखालीं येणाऱ्या कारखान्यांपुरतेंच. बाकीच्यांना १९२३ चाच कायदा राहिला.

१९६२ च्या दुरुस्तीनें अनुसूची नव्यानें लिहिली गेली. उजव्या हाताचा भाव जास्त व डाव्याचा कमी हा भेद गेला. डावखुऱ्यांवरचा अन्याय चाळीस वर्षांनीं दूर झाला म्हणावयाचा. हात खांद्याच्या सांध्यांतून गेला तर ९०, अंगठ्याचे २५ चे ३०, तर्जनीचे १० चे १४, एका डोळ्याचे ४०. पण भावांची यादी ती यादीच राहिली. ती यादी हात पाहत होती. हात कोणाचा आहे, हें पाहत नव्हती.

तें पाहिलें ओरिसांतील एका कमिशनरनें. कोरापुट जिल्ह्यांत ६ जुलै १९६८ रोजीं एक सुतार सिनेमा थिएटरांत नक्षीचें काम करतांना खालीं पडला आणि त्याचा डावा हात कोपराजवळून कापावा लागला. यादीप्रमाणें हें आंशिक अपंगत्व. परंतु कमिशनरनें विचार असा केला कीं, सुतारकाम एका हातानें होत नाहीं. रंधा धरावयास एक हात आणि लांकूड धरावयास दुसरा. तेव्हां या माणसाचें अपंगत्व साठ-सत्तर नव्हे, शंभर आहे. त्यानें ९,८०० रुपये भरपाई, वेळेवर न दिल्याबद्दल तिच्या निम्मा दंड आणि सहा टक्के व्याज, मिळून १५,०९२ रुपये देण्याचा हुकूम केला. थिएटरचा मालक लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ४ डिसेंबर १९७५ रोजीं चार न्यायाधीशांनीं तो हुकूम कायम केला, आणि शिवाय असें सांगितलें कीं, भरपाईचें देणें अपघात झाला त्या दिवसापासूनच लागू होतें. कमिशनरच्या निकालाची वाट पाहत बसण्याचा धन्यास अधिकार नाहीं.

पस्तीस वर्षांनीं, २०१० सालीं, मोटार अपघाताच्या एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हाच विचार अधिक उलगडून सांगितला. डावा हात गेला असें धरा, तो गाडी हांकणाराचा किंवा सुताराचा असेल तर त्याची मिळकत जवळजवळ सगळीच बुडते; सरकारी कारकुनाचा असेल तर नोकरी राहते, मग त्याला मिळकतीऐवजीं जगण्यांतल्या इतर सुखांच्या हानीबद्दल द्यावें. शरीराचे टक्के आणि मिळकतीचे टक्के एक नव्हेत. वय लक्षांत घेण्याची पद्धत १९८४ पासून आलीच होती. तिच्या कोष्टकांत सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाचा गुणक २२८.५४, तर पासष्टीच्या वरच्या माणसाचा ९९.३७. २००९ सालीं 'वर्कमन' हा शब्द जाऊन 'एम्प्लॉयी' आला आणि संपूर्ण अपंगत्वाची किमान भरपाई १,४०,००० रुपये झाली. २०२० सालीं संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनें या जुन्या कायद्याला आपल्या पोटांत घेतलें, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आणली गेली.

माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांची हकीकत अर्धीच सांगितली. त्यांना पुन्हां प्रेसवर कोणी उभें केलें नाहीं. सात बोटांच्या माणसाच्या हातीं पत्रा देण्यास एकहि मालक तयार झाला नाहीं. ते एका इमारतीवर रात्रीचे रखवालदार झाले, पूर्वींच्या निम्म्या पगारावर, आणि शेवटपर्यंत तेंच काम करीत राहिले. सुताराच्या खटल्याचा निकाल लागून तेव्हां कितीतरी वर्षें झालीं होतीं. तो आम्हां कोणासच ठाऊक नव्हता. त्यांची मिळकत किती बुडाली, तें दाखवून शेंकडा ३० पेक्षां अधिक मागतां आलें असतें. मीं लिहिलेल्या अर्जाची नक्कल अजून माझ्यापाशीं आहे. तींत अपघाताची तारीख आहे, पगार आहे, तीन बोटांचीं नांवें आहेत. त्या बोटांनीं ते कोणतें काम करीत होते आणि तें काम आतां त्यांना करतां येत नाहीं, हें मीं त्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.